कुटुंबातील बदल

“मॅडम, मले एवढंच सांगा, मी कुंकू लावू का पुसू?”

वाशिमच्या आमच्या ऑफिसात वनिता खुर्चीच्या कडेवर बसली होती. आसेगावहून आली होती. तिचा नवरा गजानन गेल्या हंगामात ऊसतोडीला गेला आणि तिकडेच तापानं वारला. अंत्यसंस्कारही तिकडेच झाले, सासूनं त्याचं तोंड पाहिलंच नाही. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि सासू ते होऊ देत नव्हती.

“म्हनते, जित्या मानसाचं सराद करता का? तुमचं मशीन तिले रोज सांगून राह्यलं का पोरगा वाटेवर हाय. काल तिनं मले धरून कुंकू लावलं. दिराले म्हनते, तू सराद केलं त तूच त्याले मारलं.”

आमचं मशीन म्हणजे फोनवर बोलणारा एआय एजंट. कामासाठी बाहेर गेलेलं आपलं माणूस कुठे आहे, बरं आहे का, हे घरच्यांनी त्याला विचारायचं. नाव ‘संजीवनी’. उद्घाटनाला फीत, समई, भाषणं, सगळं झालं होतं. या नावात काही खोड निघू शकते, असं कोणत्याही वक्त्याला वाटलं नव्हतं.

वनिताला चहा दिला आणि मी सासूच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. सासूचं नाव सरूबाई. एजंटचा आवाज गोड आहे. तो गोड असावा यावर वेगळी मीटिंग झाली होती.

“माहा गजू गेला, बाई. कुठं हाय तो?”

“गजानन यांचा मुक्काम कामगार छावणीत होता. हंगाम संपला आहे. ते परतीच्या वाटेवर असावेत.”

“त्याले ताप होता. उतरला का?”

“तापाची नवीन नोंद नाही.”

“जेवला का?”

“छावणीत जेवणाची सोय आहे. आणखी काही मदत हवी आहे का?”

वनितानं कप खाली ठेवला. मी स्टॉपचं बटण दाबलं. परतीचा तेवढा अंदाज सोडला तर त्यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. मेलेल्या माणसाच्या तापाची नवीन नोंद कुठून असणार?

आता थोडं तांत्रिक. एजंटला स्वतःला काहीच माहीत नसतं. माहिती आणून देणारी वेगवेगळी साधनं त्याला दिलेली असतात. आम्ही त्यांना टूल म्हणतो. टूलच्या आत काय आहे ते एजंटला दिसत नाही. झाकण लावलेल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून मीठ कुठलं, साखर कुठली ठरवावं, तसं तो टूलचं वर्णन वाचून ठरवतो. चिठ्ठी चुकली की चहात मीठ.

मी चिठ्ठ्या उघडल्या. पहिली होती: ‘गेलेल्या व्यक्तींची सद्यस्थिती व परतीचा अंदाज.’ दुसरी: ‘कुटुंबातील बदल.’ मृत्यूची नोंद या दुसऱ्या डब्यात होती. सरूबाई म्हणाली, गजू गेला. एजंटनं इमानदारीत ‘गेलेल्या’चा डबा उघडला. दुसऱ्याकडे जायचं त्याला कारणच नव्हतं.

मी संचालकांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, मृत्यूच्या टूलच्या वर्णनात मृत्यू हा शब्दच नाही.”

“मीच काढायला लावला. उद्घाटनाला पडद्यावर ‘मृत्यू’? पाहुणे काय म्हणतील?”

“पाहुणे फोन करत नाहीत, सर.”

“मग ‘दुःखद बदल’ लिहा.”

“सर, बाहेर एक बाई बसली आहे. तुम्ही तिला सांगा, तिच्या कुटुंबात दुःखद बदल झालाय का ते.”

ते काचेतून वनिताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “लिहा काय लिहायचं ते.”

मी लिहिलं. पहिलं: ‘कामासाठी गाव सोडलेल्या हयात व्यक्तीचा ठावठिकाणा सांगते. आधी मृत्यूची नोंद तपासा. तिथे नाव असेल तर हे टूल वापरू नका.’ दुसरं: ‘व्यक्तीचा मृत्यू झाला आहे का, ते सांगते. गेला, सोडून गेला, आता नाही, असं बोलणाऱ्यांनी काहीही म्हटलं तरी तपासा. नोंद सापडली तर ती स्वतः ऐकवू नका. फोन माणसाकडे द्या.’

दुसऱ्या दिवशी सरूबाईचा फोन आला आणि एजंटनं तो माणसाकडे दिला. माणूस म्हणजे मी.

“गजू कुठं हाय?”

“आजी, गजानन गेले हो.”

“ते मले ठाव हाय. येते कवा?”

इतकं सगळं नीट लिहून काढणारी मी, पण तोंड उघडल्यावर माझाही तोच ‘गेले’ निघाला. मी म्हटलं, “आजी, गजानन वारले. मागच्या हंगामात. छावणीतच.”



“मंग माह्याशी रोज कोन बोलून राह्यलं?”

“मशीन होतं, आजी.”

“मशीनले कसं ठाव, गजूले ताप होता?”

“तुम्हीच सांगितलं होतं.”

“मीच सांगतलं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

वर्षश्राद्ध झालं. वनिताचा निरोप आला: सासूनं स्वतः पानं वाढली, घास मात्र घेतला नाही. कुंकवाचं वनितानं काही कळवलं नाही, मी विचारलं नाही.

जुने कॉल तपासताना अशी आणखी काही घरं निघाली. त्यांनाही त्यांची मेलेली माणसं वाटेवर आहेत, असं सांगितलं गेलं होतं. त्यांच्यापैकी कोणीही तक्रार केली नव्हती. उलट ती मंडळी नियमित फोन करत होती. तक्रारी दुरुस्तीनंतर आल्या. मंगरुळपीरकडच्या एका म्हाताऱ्यानं मला सरळ विचारलं, “बाई, पयलचं मशीन कायले काढलं? ते बरं बोलत होतं.”

टूलचं वर्णन लिहिताना मृत्यूला मृत्यूच लिहावं. वापरणारे खूश आहेत की नाहीत, यावरून वर्णन बरोबर आहे का, हे मात्र ठरवू नये.