म्हणून दाखवू?

"म्हणून दाखवू?" असं विचारून वहिनी डोळे मिटायच्या आणि उजव्या हाताचं बोट मांडीवर आपटत सुरू व्हायच्या. नको म्हणायची सोयच नव्हती. त्यांच्या घरापासून माझ्या वसतिगृहापर्यंतचे ट्रामचे सतरा थांबे, मुलीच्या किंडरगार्टनमधली गाणी, जर्मन क्रियापदांची रूपं, सगळं एका दमात. मध्ये एक थांबा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

अशी एखादी तुमच्याही वर्गात असणार. पहिल्या बाकावरची, परीक्षेच्या दाराशी ओठ हलवत उभी असणारी. फरक एवढाच की आमच्या वहिनी तिशीच्या होत्या, एका मुलीची आई होत्या आणि त्यांचा बाक जर्मनीच्या पूर्वेकडच्या एका शहरात होता.

मी तिथे पीएचडी करत होतो. त्यांचे यजमान माझ्याच संस्थेत, मला सीनियर. म्हणून त्या वहिनी आणि मी भावजी. रविवारचं जेवण त्यांच्याकडे. कराडला बारावी आर्ट्‌स झाल्याझाल्या त्यांचं लग्न लागलं आणि शिक्षण तिथेच थांबलं. नुसत्या बारावीला जर्मनीतलं विद्यापीठ दारात उभं करत नाही. आधी वर्षभर श्टूडिएनकोलेग, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचा तयारीचा वर्ग, करायचं, शेवटी परीक्षा द्यायची, ती पास झालात तर पुढे विद्यापीठ. आम्ही सगळे इंजिनियर. इतिहास-साहित्याच्या वर्गाला जाणाऱ्या त्या एकट्या.

"वहिनी, इतिहासाचा उपयोग काय हो?" मी एकदा चिडवलं.

"उपयोगाचं सगळं करून झालंय माझं," त्या म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. "आता मला शिकायचंय."

पहिल्या खेपेला त्यांनी आपल्या वाक्यांत, आपल्या जर्मनमध्ये लिहिलं आणि अगदी थोडक्यात नापास झाल्या. परीक्षा आणखी एकदाच देता येणार होती. त्यात गेलं की संपलं.

इथे मी तोंड घातलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी घातलं. "स्वतःच्या वाक्यांत शिरताच कशाला? दहावीला आपण काय केलं? पाठ केलं, ओकलं, पास झालो." दुसऱ्या महायुद्धानंतर घरदार सोडून जर्मनीत आलेल्या लोकांवर प्रश्न येणारच, असा माझा होरा. ग्रंथालयातल्या एका पुस्तकातली दोन पानं मी झेरॉक्स करून दिली. आठ दिवसांनी जेवणानंतर त्यांनी विचारलं, "म्हणून दाखवू?" मी कागद धरून बसलो. स्वल्पविरामाला जेवढं थांबायचं तेवढंही त्या थांबल्या. "झालात पास!" मी जाहीर करून टाकलं. शहाणा ना मी!

प्रश्न नेमका तोच आला. आठवडाभर माझी छाती फुगलेली. मग पत्र आलं: कॉपीचा संशय आहे, येऊन भेटा.

यजमान नोकरीच्या मुलाखतीला इंगोलश्टाटला गेले होते, म्हणून सोबतीला मी गेलो. टेबलापलीकडे दोन शिक्षक. टेबलावर वहिनींची उत्तरपत्रिका आणि शेजारी तेच पुस्तक, तेच पान उघडलेलं. कागद कुठे लपवला होता, असं त्यांनी विचारलं.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "म्हणून दाखवू?" जर्मनमध्येसुद्धा त्यांनी हेच विचारलं. डोळे मिटले, कोटावर बोट आपटत सुरुवात केली आणि दोन्ही पानं शेवटच्या शब्दापर्यंत म्हणून दाखवली. दोघा शिक्षकांतल्या वयस्कर बाईंनी चष्मा काढून ठेवला. कॉपीचा आरोप त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतला.

मला वाटलं, सुटलो. पण बाईंनी प्रश्नपत्रिका वहिनींपुढे सरकवली. "इथे शेवटी विचारलंय, तुम्हाला काय वाटतं? हे तर त्या लेखकाला वाटतं. तुम्ही कुठे आहात यात?" आवाज मऊ होता. निकाल मात्र नापासच राहणार होता. "हे असं करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझी मीच."

मी बुटांकडे बघत बसलो. एक वाक्य बोलायचं होतं, मला जर्मन चांगलं येत होतं. बोललो नाही. लाज वाटते अजून.

परतताना ट्राममध्ये मीच विचारलं, "वहिनी, तो शेवटचा प्रश्न वाचला नव्हता का?"

"वाचला की. पण 'तुमचे मत लिहा' असं लिहायची पद्धतच असते ना. आपल्याकडे त्याचंही उत्तर गाइडमध्ये असायचं. खरंच विचारत असतील असं नाही वाटलं, भावजी."

तीन-चार थांबे गेल्यावर त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "पहिल्या हिवाळ्यात हे कामावर गेले की मी कराडच्या घराचा पत्ता मोठ्यानं म्हणत बसायची. नाव, गल्ली, पोस्ट, तालुका. दिवसभर दुसरं कुणी बोलायलाच नव्हतं. घर सोडून आलेल्या माणसाचं मत म्हणजे माझ्याकडे एवढंच. ते काय लिहायचं?"

अहो, तेच लिहायचं होतं! मोडक्या जर्मनमध्ये लिहिलं असतं तरी. पण मी त्यांना दुसऱ्याची दोन पानं नेऊन दिली होती.

पुढे यजमानांना ती नोकरी लागली आणि बिऱ्हाड इंगोलश्टाटला हललं. तीन वर्षांनी मी गेलो, खरं तर माफी मागायला. घर मोठं होतं. इतिहासाचं एकही पुस्तक दिसलं नाही. मुलगी मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तरं देत होती आणि वहिनी मान डोलवत होत्या. माफीचे शब्द काही तोंडातून फुटेनात, म्हणून मी उगाच हसून म्हटलं, "वहिनी, ते ट्रामचे थांबे? म्हणून दाखवा की एकदा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोट मांडीवर एकदा टेकलं. मग त्यांनी मूठ मिटली.

"विसरले, भावजी," त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात भात वाढला.