तिसऱ्या उंचवट्यापाशी उभी राहणारी एर्सिलिया

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या मोटारींच्या आमच्या क्लबच्या नोंदवहीत सप्टेंबरातल्या अंतिम शर्यतीपुढे एकच ओळ आहे : ‘मार्शल एर्सिलिया बोनार्दी हिने चालू गाडीचे इंजिन बंद केले, ताकीद दिली.’ कृत्य नोंदले आहे, शिक्षाही नोंदली आहे. कारण तेवढे नोंदलेले नाही. कारणावाचून लिहिलेली शिक्षा ही निंदाच होय, आणि ही निंदा जिच्या माथी मारली गेली तिला मी सत्तावीस वर्षे ओळखतो.

ब्रेशा शहराच्या वरच्या आमच्या या खोऱ्यात तळघरातळघरांतून लेथ फिरतात. एर्सिलिया पंधराव्या वर्षी अशाच एका कारखान्यात गेली आणि तिने चव्वेचाळीस वर्षे एकच काम केले : पिस्टनला त्याची स्लीव्ह, म्हणजे तो ज्या नळीत वरखाली सरकतो ती, शोधून देणे. आमच्या गाड्यांचे साडेतीन घनसेंटिमीटरचे इंजिन मुठीत मावते आणि मिनिटाला चाळीस हजार फेरे घेते. त्याची स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते, इतकी किंचित की डोळ्याला तो भेद दिसतच नाही. थंड असताना पिस्टन तिथे अडकला पाहिजे आणि तापल्यावर मोकळा झाला पाहिजे. यंत्रे मोजमाप घेत. निवड मात्र एर्सिलियाचा अंगठा करी. तबकातला एकेक पिस्टन ती स्लीव्हमध्ये ढकलून पाही, क्षणभर डोळे मिटी आणि म्हणे, “नांदतील.” किंवा, “काढा, हे दोघं महिनाभरात भांडतील.” तिचा निर्णय फिरवण्याची छाती कारखान्याच्या मालकालाही झाली नाही.

निवृत्तीनंतर तिने आपल्या सज्जाखाली बाक मांडला. शनिवारी तिथे रांग लागते. कोणाचे इंजिन थंड असतानाच चालू करून फरफटलेले, कोणी हवेच्या फिल्टरला तेल न लावता धूळ गिळवलेली. “केस वाळवायचं यंत्र आहे ना घरी?” ती विचारते. “मग बायकोच्या डोक्याआधी इंजिनाचं डोकं गरम करत जा. थंडीत तुला कोणी उठवून पळवलं तर तू पळशील?”

ती स्वतःही गाडी पळवते, आणि अत्यंत सावकाश. शेवटच्या गटातही तिचा क्रमांक शेवटून दुसरा असतो. तिला त्याचे दुःख नाही, कारण आमच्या खेळात एक सुंदर आचार आहे. एक शर्यत संपली की तिच्यातल्या स्पर्धकांनी पुढच्या शर्यतीत मार्शल म्हणून मैदानावर उभे राहायचे आणि उलटलेल्या गाड्या उचलून सरळ करायच्या. म्हणजे जो मंद आहे तोच वेगवंताचा रक्षक होतो. हरलेल्याच्या हाती जिंकणाऱ्याचे भवितव्य निःशंकपणे सोपवणारा असा विश्वास मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे. एर्सिलियाची जागा ठरलेली : तिसरा उंचवटा. गाड्या सर्वांत उंच उडतात त्या तिथेच, आणि त्याच्या पलीकडे, गुडघाभर फळीच्या मागे, मेकॅनिक इंधनाच्या बाटल्या घेऊन ओणवे बसलेले असतात.

त्या रविवारी सकाळी तपासणीच्या टेबलापाशी रांग होती. क्लबचा अध्यक्ष ओरेस्ते हाच तपासनीस. नियम असा, की चालू गाडी उचलून धरायची आणि रिमोट बंद करायचा. रिमोटचा संदेश तुटताच गाडीने आपणहून ब्रेक लावून चाके थांबवली पाहिजेत. एर्सिलियाची चाके थांबली. तिच्यामागे तांक्रेदी होता, तेवीस वर्षांचा, खोऱ्यातला सर्वांत वेगवान. चालक ज्यावर उभे राहून रिमोट चालवतात त्या मंचावरचे नवे छप्पर त्याच्या वडिलांनी बांधून दिले होते.

“तुझी काय तपासायची रे?” ओरेस्ते म्हणाला. “जा, टायर बघ तुझे.”

“त्याचीही बघ ना, ओरेस्ते,” एर्सिलिया म्हणाली. “माझी गाडी तर चालू असतानाही थांबल्यासारखीच दिसते. तपासायची ती पळणारी तपास.”

रांग हसली. ओरेस्तेही हसला, आणि तांक्रेदीच्या गाडीवर त्याने तपासणीची चिकटपट्टी लावली.

दुपारी पंचेचाळीस मिनिटांची अंतिम शर्यत होती. पोलेंटाचे, मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीचे, भांडे चुलीवर रटरटत होते आणि इंधनातल्या जळलेल्या एरंडेलाचा तो ओळखीचा वास मैदानावर पसरला होता. अडतिसाव्या मिनिटाला पहिल्या स्थानावर असलेली तांक्रेदीची गाडी तिसऱ्या उंचवट्यावरून उडाली आणि पाठीवर आपटली. एर्सिलिया तीन ढांगांत तिच्यापाशी पोचली. तिने गाडी उचलली मात्र, आणि थबकली. गाडी उलटली की चालक पिस्तुलासारख्या रिमोटचा वेगाचा घोडा सोडतो; चाके मंदावतात. ही चाके पूर्ण वेगाने फिरत होती, इंजिन किंचाळत होते. तिने मंचाकडे पाहिले. तांक्रेदी एक हात वर करून ओरडत होता, “ठेव! ठेव खाली!” आणि त्याचे बोट घोड्यावर नव्हते.

साडेतीन किलोची ती गाडी खाली ठेवली असती, तर फळीवरून थेट ओणव्या माणसांच्या तोंडावर गेली असती. एर्सिलियाने सायलेन्सरच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. हातमोजा जळाला, मग कातडी. इंजिन गुदमरले आणि थांबले. तोवर दुसराच कोणी पुढे निघून गेला होता.

तांक्रेदी मंचावरून धावत आला. “मावशी, आंधळी झालीस का? इंजिन बंद करायला कोणी सांगितलं?”

“तुझं बोट घोड्यावर नव्हतं.”

“मग?”

“मग गाडी कोण पळवत होतं? तुझी आजी?”

“सकाळच्या सरावात तीनदा मागे टाकलं ना तुला! त्याचाच राग काढलास.”

एर्सिलियाने हातमोजा काढला तेव्हा त्याच्यासोबत थोडी त्वचाही निघाली.

पुढच्या रविवारी, भर दुपारी, क्लबच्या खोलीत सभा भरली. ओरेस्तेने टंकलिखित माफीपत्र पुढे सरकवले. “एक सही, एर्सिलिया. सहीनं काय अंगाला भोकं पडतात? नाहीतर सभासदत्व जाईल. मग ना मैदान, ना गाडी. कशाला ताणतेस?”

“लिहिलंय काय?”

“‘अनवधानाने’ लिहिलंय. मत्सर वगैरे शब्द मी काढायला लावले. किती सांभाळून घेतलंय बघ.”

“अनवधान?” तिने पट्टी बांधलेला अंगठा टेबलावर ठेवला. “चव्वेचाळीस वर्षांत हा अंगठा एकदा जरी अनवधानानं चालला असता, तर या खोलीतल्या निम्म्या लोकांची इंजिनं सुरूच झाली नसती. गाडी आणा. रिमोट बंद करून दाखवा. चाकं थांबली तर सही करते, आणि मैदान झाडायलाही येते.”

“इंजिन आता कुठे सुरू करायचं इथे, आत?” ओरेस्ते घाईने म्हणाला.

“इंजिन कशाला? कार्बुरेटरकडे बघा. तेवढं पुरे.”

तांक्रेदीने स्वतःच गाडी टेबलावर आणून ठेवली. त्याला आपली खात्री होती. आपटल्यावर तुटलेली, रिमोटचा संदेश पकडणाऱ्या रिसीव्हरची अँटेना त्याने आठवड्यात बदलली होती, बाकी कशाला हात लावला नव्हता. त्याने इंजिन न लावता नुसता रिसीव्हर चालू केला, सर्वांकडे पाहिले आणि रिमोट बंद केला. खोलीत एक बारीक घरघर झाली. कार्बुरेटरची झडप आपणहून सरकली आणि पूर्ण उघडून, म्हणजे पूर्ण वेगावर, तशीच राहिली. त्याने पुन्हा केले. पुन्हा उघडली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने नवा रिसीव्हर बसवला होता. संदेश तुटल्यावर काय करायचे हे एक बटण दाबून रिसीव्हरला शिकवावे लागते, आणि त्या क्षणी बोट जिथे असेल तेच तो सुरक्षित मानून लक्षात ठेवतो. तांक्रेदीचे बोट, सवयीने, घोड्यावर दाबलेले होते. म्हणून शर्यतीत अँटेना तुटून संदेश थांबताच गाडीने पूर्ण वेग घेतला होता. सकाळी टेबलापाशी पाच क्षणांत ही चूक उघडी पडली असती.

“मावशी...” म्हणत तांक्रेदीने रिमोट टेबलावर ठेवला.

ओरेस्तेने माफीपत्राची घडी करून खिशात घातली. मग तो खाकरला. “अपघात टळला हे खरंच आहे. पण नियम तो नियम. मार्शलनं इंजिन बंद करायचं नाही. ताकीद द्यावी लागेल.”

“दे. लिही,” एर्सिलिया म्हणाली. “पण खाली हेही लिही, गाडी कोणाची होती आणि सकाळी ती कोणी तपासली नाही.”

ओरेस्तेने ताकीद लिहिली, पेनला टोपण लावले आणि नोंदवही मिटली. तिथे बसलेल्या अकरा जणांपैकी कोणीही ती पुन्हा उघडायला लावली नाही. त्या अकरांत मीही होतो. नियम ही पवित्र वस्तू आहे असे मी आयुष्यभर मानत आलो. परंतु ज्याने स्वतः नियम मोडला त्यानेच त्याचा आधार घेऊन नियमाचा हेतू पाळणाऱ्याला दंडावे, हे पावित्र्य नव्हे, हा नियमाच्या पाठीमागे दडून केलेला भ्याडपणा आहे. एका छपराची किंमत म्हणून आम्ही एका निष्कलंक हाताला डाग लावला. आणि तो हात भाजलेला होता, आमच्याच माणसांना वाचवताना.

ऑक्टोबरातल्या शर्यतीला एर्सिलिया आली. आपल्या गटात शेवटून दुसरी आली, गाडी पुसली, आणि अंगठ्याला भोक पडलेला तोच हातमोजा चढवून तिसऱ्या उंचवट्यापाशी जाऊन उभी राहिली. अंतिम शर्यतीच्या गाड्या गरम होऊन गुरगुरत होत्या. ओरेस्तेने शिटी तोंडाला लावली, तोच एका मेकॅनिकने आपली गाडी उचलून तिसऱ्या उंचवट्याकडे धरली. मंचावर त्याच्या चालकाने रिमोट उंच करून बंद केला. चाके थांबली. मग दुसऱ्याने केले. मग तिसऱ्याने. कोणी कोणाला सांगितले नव्हते.

“हे काय चाललंय? वेळ जातोय!” ओरेस्ते ओरडला. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

तांक्रेदीची पाळी शेवटी आली. त्याने रिमोट बंद केला आणि दुसरा हात, बोटे पसरून, डोक्यावर धरला. चाके थांबली. दहाही गाड्या हवेत तशाच धरलेल्या होत्या आणि सगळे मैदान तिच्याकडे पाहत होते.

एर्सिलियाने एकेक चाक नीट पाहिले. मग कमरेवर हात ठेवून ती तिथूनच ओरडली, “बघितलं, बघितलं! आता सोडा खाली, गाढवांनो, इंजिनं थंड होतायत!”