चौथ्या दाराचं रबर

गॅरेजात त्यांना सगळे दारवाले मिस्त्री म्हणायचे. जुन्या गाड्यांच्या दारांची रबरं बदलावीत तर यांनीच, असं लोक म्हणत, आणि मिस्त्रींनीही ते कधी खोडून काढलं नाही. अडतीस वर्षांत त्यांनी बसवलेल्या एकाही दारातून पाण्याचा थेंब आत आला नव्हता. तुम्ही म्हणाल, रबर ते रबर, त्यात काय एवढं डोंबलाचं! एकदा बसवून बघा, म्हणजे कळेल.

त्या दिवशी डॉक्टरांच्या साठ वर्षांच्या गाडीचं चौथं दार तेवढं राहिलं होतं. रबर सात महिने वाट बघून मिळालेलं. मिस्त्रींच्या हाताखाली त्यांची मुलगीच काम करायची; ती रबर चिकटवायचा गम आणायला गेली होती. रबरावर मापाची खूण केली की आधी चहा प्यायचा, मग कापायचं, ही मिस्त्रींची रीत. पण डॉक्टर स्टुलावर बसून घड्याळ बघत होते.

"अजून किती वेळ हो?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मिस्त्रींचं डोकं सणकलं. गेला चहा उडत! त्यांनी जुनं रबर टेबलावर पसरलं, शेजारी नवं लावलं, अंदाजाने बोटभर वाढवून खडूने खूण केली आणि कात्री चालवली.

दाराला लावून बघतात तर काय! दोन बोटं कमी!

जुनं रबर वर्षानुवर्षं आखडत जातं, त्यावरून माप घ्यायचं नाही, दारावरूनच घ्यायचं, हे ते स्वतःच नव्या माणसाचा कान धरून शिकवायचे. पण त्यासाठी दाराशी उकिडवं बसावं लागतं, आणि दोन वर्षांपासून गुडघे ऐकत नव्हते. तेव्हापासून माप टेबलावर. आजवर निभावलं होतं.

मुलगी परत आली. रबर बघून तिचा चेहरा उतरला.

"बाबा, कापलंत?" ती पुटपुटली.

"गप्प बस. गम दे."

त्यांनी रबर ताणून ताणून बसवलं. घामाने सदरा पाठीला चिकटला. दार छान ठप्प करून लागलं. फटीत कागद धरून ओढला, तो जागचा हलेना.

"वा, मिस्त्री! मानलं तुम्हाला." डॉक्टरांनी चावी उचलली.

ताणलेलं रबर महिन्याभरात आखडणार, कोपरा उघडा पडणार. तोवर डॉक्टर गाडी घेऊन कायमचे दुसऱ्या शहरात गेलेले असणार. कुणाला पत्ता लागणार होता? डॉक्टर गाडीत बसले.

"उतरा, डॉक्टर," मिस्त्री कसेबसे म्हणाले. "रबर कमी कापलंय मी. ताणून बसवलंय."

डॉक्टर उतरले. त्यांचा आवाज चढला. "आणि बाकीची तीन? तीही अशीच?"

"नाही."

"कशावरून?"

ती मापंही मिस्त्रींनी टेबलावरच घेतली होती. गुडघ्यावर हात दाबत ते पहिल्या दाराशी बसले आणि रबराचा सांधा उचकटला. ताणलेलं रबर सुटताच मागे सरकतं. हे जागचं हललं नाही. दुसऱ्या दाराचं तसंच, तिसऱ्याचंही. तिन्ही अगदी नेमकी.

"बघा!" मिस्त्रींची छाती फुगली.

पण ते काही खुळे नव्हते. टेबलावरचं माप तीन वेळा इतकं नेमकं येत नाही. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"तू?"

"तुम्ही चहाला गेलात की मी दारावरून मोजते," ती म्हणाली, "आणि खूण पुढे सरकवते."

"कधीपासून?"

"तुमचे गुडघे धरले तेव्हापासून."

दोन वर्षं लोक ज्याची वाहवा करत होते, ते काम हिचं होतं! मिस्त्रींना लाजही वाटली आणि पोरीचा अभिमानही.

"मग आता या चौथ्याचं काय करायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

मिस्त्री स्टूल ओढून बसले आणि त्यांनी मुलीकडे बोट दाखवलं.

"मला नका विचारू," ते म्हणाले. "मिस्त्रीणबाईंना विचारा."