बोअरमधली वेणी

भूतबित मी मानत नाही. कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्ट करतो. आमच्या प्लांटचा वास घेतला तर भूतच गाव सोडेल. पण जपानी भुताचे पिक्चर मात्र मोबाइलवर ढिगानं पाहिलेत. आपली भुतं पैंजण वाजवतात, गाणी म्हणतात, लिंबाला भितात. जपानी बाई बोलतच नाही. ओले केस तोंडावर घेऊन नुसती येत राहते… राग फिटेपर्यंत. हे मला पटतं.

न्हावऱ्यात माझा चुलतभाऊ बबन. त्याचा थोरला भाऊ वारला आणि वहिनीनं जमिनीत वाटा मागितला. बबननं भर अंगणात विळ्यानं तिची वेणी कापली. वेणी कसली, अजगर होता — गुडघ्यापर्यंत. वर ती केसांवर भांडी देणाऱ्या बाईला देऊन पातेलं घेतलं आणि त्यात चहा करून प्याला. वहिनी माहेरी गेली, तळेगाव ढमढेऱ्याला.

यंदा उन्हाळ्यात ऐन उसाच्या पाण्याला बबनच्या बोअरची मोटर अडकली. भरदुपारी वर काढली तर पंख्यांना केस गुंडाळलेले. लांब, काळे, मेंदीच्या तेलाचा वास. साफ करून सोडली, परत तेच. तिसऱ्या खेपेला घमेलंभर निघाले… बरं, अर्धं घमेलं म्हणा.

"वर टोपण, आत निस्ता खडक. केसं आली कुठनं?" मोटरवाला म्हणाला आणि सामान आवरून निघाला.

मी म्हणालो, "बबन्या, हे जपानी काम हाय. मांत्रिक चालायचा न्हाई. वहिनीच्या पाया पड."

"आरं, पर ती जित्ती हाय की."

"म्हणून तर. मेली असती तर पाय कुठनं आणले असते?"

ऊस पिवळा पडत होता. गेलो बाइकवर. वहिनी ओसरीवर मेथी निवडत होती. बबननं पाय धरले, वाटा कबूल केला. केसांचं मी सांगितलं, जरा वाढवूनच. ती दचकली नाही. मानेमागं हात फिरवत म्हणाली, "वाटा घेईन, माझाच हाय त्यो. पर भाऊजी, केसं आत्ता कुठं खांद्यापत्तुर आलीत. गुडघ्यापत्तुर यिऊ द्या, मग बघू मोटरीचं."

वाटा तिच्या नावावर झाला. बोअर सामायिक. तिच्या पाळीला पाणी असं उसळतं की म्हैस वाहून जाईल. बबनची पाळी आली की मोटर अडकते. कंपनीतल्या लॅबवाल्याला केस दाखवले. म्हणाला, "बाईचे आहेत. बोअरमध्ये कसे, ते मला विचारू नका." मलाही विचारू नका.

बबन मात्र आता दर बाजाराला तळेगावला जातो. वहिनीला मेंदीचं तेल देऊन येतो. मोठी बाटली.