मॉप मोजले होते का

हॉस्पिटलच्या फलकावर तो कागद लागला तेव्हा मी दोन सिझेरियन आणि एक अपेंडिक्स आटोपून बाहेर येत होते. ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्या सिस्टरांनी वर्षाच्या आत पेरिऑपरेटिव्ह नर्सिंगची परीक्षा पास करायची, नाहीतर वॉर्डात बदली, असं त्यावर लिहिलं होतं. त्या लांबलचक शब्दाचा अर्थ मला बरोबरच्या तरुण सिस्टरने सांगितला. ऑपरेशनच्या आधी, चालू असताना आणि नंतर पेशंटसाठी जे जे करायचं ते सगळं. सोळा वर्षं मी तेच करत होते.

आमचं हॉस्पिटल चौक गावाजवळ, जुन्या हायवेला लागून. घर कशेळ्याच्या अलीकडे. माझे मिस्टर कशेळे-कर्जत जीप चालवतात. सकाळी मी त्यांच्याच जीपमध्ये पुढे बसायचे आणि कर्जतला उतरून चौकची गाडी पकडायचे. अभ्यासाला मला हा तेवढाच वेळ होता. पुस्तक जाड, सगळं इंग्रजीत. माझी दहावी मराठीतून. नर्सिंगला नोट्स पाठ करून निभावलं होतं, पण त्याला आता वीस वर्षं होत आली होती.

जीप भरेपर्यंत मिस्टर स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून प्रश्न वाचायचे. एकेक अक्षर लावत वाचायचे.

"स्टे... स्टेराईल फिल्ड. म्हंजे कसलं शेत गं?"

"शेत नाही हो. ऑपरेशनची निर्जंतुक जागा."

"मंग तसं लिवायचं ना. बरं, चार उत्तरं हायेत. बोल."

मला उत्तर माहीत असायचं. हाताला माहीत असायचं. पण चार पर्याय ऐकले की चारही खरे वाटायचे. मागे बसलेल्या भाजीवाल्या बाया हसायच्या. एकदा एक म्हणाली, "सिस्टर, तुमी आता डाक्टर व्हनार काय?" मिस्टर तिच्यावर खेकसले. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

पहिल्या वेळी मी नापास झाले. थोडक्या मार्कांनी गेले, पण गेलेच. तरुण सिस्टर पास झाली. पेढे द्यायला ती माझ्यासमोर आली तेव्हा तिलाच संकोच वाटत होता.

त्यानंतर महिनाभराने ते सिझेरियन झालं. बाळ बाहेर आलं, रडलं, गर्भाशयाला टाके पडले. आता पोट बंद करायचं. त्याआधी आत वापरलेले मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडाचे जाड तुकडे, मोजायचे असतात. सर्जननी मान वर न करता विचारलं, "सिस्टर, काउंट?"

सोळा वर्षं माझं उत्तर एकच असायचं. बरोबर, सर. त्या दिवशी तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे पुस्तकातलं पान आलं. मोजणी केव्हा केव्हा करावी, पर्याय चार. आणि मला आठवेना की मी आत्ता मोजले की नाही.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले.

कंबरेत भूल दिलेली, त्यामुळे बाई जागी होती. पडद्याच्या पलीकडून तिने विचारलं, "काय झालं ओ सिस्टर?" तरुण सिस्टरने मोजले. दहा हवे होते, नऊ भरले. पुन्हा मोजले, नऊच. सर्जननी पोटात हात घालून सगळीकडे चाचपलं. वापरलेले मॉप टाकायची बादली उपडी केली. शेवटी दहावा मॉप बाईच्या मांडीजवळ, हिरव्या कापडाच्या घडीत सापडला, रक्ताने भिजून कापडाला चिकटलेला. या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ ती बाई पडद्यापलीकडे हळूहळू रडत होती.

ऑपरेशन संपल्यावर सर्जननी मला बाजूला घेतलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "सिस्टर, थोडे दिवस वॉर्डात जा. परीक्षा होऊ दे, मग बघू."

वॉर्डात माझ्या हाताला काम होतं, डोक्याला नव्हतं. आणि डोक्यात एकच प्रश्न. सोळा वर्षं मी "बरोबर, सर" म्हणत आले, त्यातल्या प्रत्येक वेळी मी खरंच मोजलं होतं का? हायवेवर अपघात झाला की एकापाठोपाठ एक पेशंट यायचे. तेव्हा? सणाच्या दिवशी दोघीच कामाला असायचो. तेव्हा? मला बहुतेक वेळा आठवायचं, पण सगळ्या वेळा आठवत नव्हतं.

मग मी बायांना विचारू लागले. माझ्या हाताखालून गेलेल्या किती तरी बाया आमच्याच भागातल्या. कशेळ्याच्या बाजारात सुकी मासळी विकणारी एक होती, तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी होते. तिला म्हटलं, "पोट दुखतं का गं कधी?"

"नाय वो सिस्टर. का?"

"असंच विचारलं."

चार दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन हॉस्पिटलात आली. चेहरा उतरलेला. "तुमी असं का इचारलं त्ये सांगा. मला आता खरंच दुखतंय. जेवान जात नाय."

मी सर्जनना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. मॉपमध्ये एक धागा असतो, तो एक्स-रेत दिसतो. त्यांनी एक्स-रे काढायला लावला. फोटो हातात येईपर्यंत मी तिच्याशेजारी बाकावर बसले होते. तिने माझा हात धरला होता, मीच तिला घाबरवलं असूनही. फोटोत काहीही नव्हतं. ती नवऱ्याच्या अंगावर डोकं टेकून रडली आणि मग माझ्याकडे न बघता निघून गेली.

सर्जन म्हणाले, "सिस्टर, गावभर असं विचारत फिरू नका. एवढं सांगतो."

त्या रविवारी मी दहिवलीला आमच्या जुन्या मेट्रनबाईंकडे गेले. थिएटरमध्ये पहिल्यांदा मला त्यांनीच उभं केलं होतं. आता रिटायर होऊन लेकीकडे राहतात. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सरळ विचारलं, "बाई, तुम्ही प्रत्येक वेळी मोजलंत?"

मला वाटलं होतं, त्या हो म्हणतील. म्हणजे मग चूक माझ्या एकटीची, हे तरी कळेल. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला तर आम्ही एकटीच असायचो. कोण मोजणार आणि कोणाला सांगणार?"

"मग झोप कशी लागली?"

"लागली. मला वाटलंच नाही कधी की विचारायला हवं. तुला वाटलं, आता तुझी सुटका नाही." मग सूप पुन्हा उचलत म्हणाल्या, "चहा घेशील?"

मी चहा घेतला. धीर असा काही मिळाला नाही. पण परतताना जीपमध्ये मी मिस्टरांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि मोजणीचं प्रकरण पहिल्यांदा परीक्षेसाठी नाही, स्वतःसाठी वाचलं. एकेका वाक्याला थांबत. दोघींनी मिळून, मोठ्याने, एकेक सुटा करून मोजावं. न जुळल्यास पोट बंद करू नये. वाचताना मला रडू येत होतं आणि मिस्टर गिऱ्हाइकांना ओरडत होते, "पुढं नका बसू कोनी, तिचा अभ्यास हाय."

दुसऱ्या वेळची परीक्षा पनवेलला होती. घरची भातकापणी चालू होती, तरी मिस्टर जीप घेऊन आले. कॉम्प्युटरसमोर बसून एकेक प्रश्न दोनदा वाचला. किती तरी प्रश्न समजले नाहीत. ते सोडून पुढे गेले. शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर निकाल आला. पास. मी शेजारच्या मुलीला वाचायला सांगितलं. तिनेही तेच वाचलं.

बाहेर आले तर रडणं थांबेना. मिस्टर म्हणाले, "जाऊ दे गं. परत देऊ."

"पास झाले."

"आं? मंग रडतेस कशाला?"

पास होणं म्हणजे उद्या पुन्हा थिएटरमध्ये जाणं, हे त्यांना कसं सांगणार? वाटेत त्यांनी धाब्यावर गाडी थांबवली, दोन मिसळ मागवल्या. माझी तशीच राहिली. त्यांनी माझीही संपवली, हात धुतले आणि म्हणाले, "नको वाटत आसंल तर नको जाऊस. शेत हाय, जीप हाय."

मी विचार केला. खरंच केला. समोरून ट्रक जात होते. मग मी म्हणाले, "जाते."

गेले. अजून जाते. मागच्या त्या बायांचं काय, ते मला कधीच कळणार नाही.