राखलेला तुकडा

मला डॉक्टरेट मिळाली ती सगळ्यात जास्त जर्मनीतल्या रेगेन्सबर्गजवळच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळामुळे. आज तळहातावर ओवा चोळला आणि साठच्या दशकातली त्याची टेकडी आठवली. तिथल्या जमिनीलगत पसरणाऱ्या जांभळ्या फुलांना असाच वास यायचा. तिथलं एकेक रोप त्यानंच मला ओळखायला शिकवलं. चराईनं फुलं संपतात का, हे पाहायला मी एक तुकडा कुंपण घालून राखला. पहिल्याच उन्हाळ्यात आत फुलंच फुलं! "हेर डॉक्टर, घाई करू नका. गवत अजून वाढायचंय," तो हसून म्हणाला; पदवीआधीच तो मला थट्टेनं असं 'डॉक्टरसाहेब' म्हणायचा. तरी चराई थांबवावी असा अहवाल मी तिथल्या सरकारी कचेरीला दिला. त्यावरून कचेरीनं चराई बंद केली आणि त्याला कळप विकावा लागला. तिसऱ्या वर्षी टेकडीभर गुडघ्याएवढं गवत माजलं. ते बाजूला सारून मी खाली पाहिलं, तर जांभळं फूल एकही नव्हतं. कचेरीनं बंदी उठवली, पण मेंढ्या कुठे होत्या? घरी परतल्यावर मी त्याला पत्र लिहिलं: "आजोबा, आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, त्याची घमेंड होती. माझी चूक प्रबंधात कबूल केली आहे. तुमचं म्हणणं खरं होतं. तुमची मेंढरं होती, तेव्हाच मी ते ऐकायला हवं होतं."