निगडी ते चाकण: गोणीभर कांदे आणि हरवलेले व्होल्ट

गाडी विकायची, हे माझ्याशिवाय सगळ्यांचं ठरलं होतं. माझी मुलगी मुग्धा बाणेरला राहते आणि तिथून माझा संसार चालवते. गाडी सुरू होताना कण्हते, दिवे मिणमिणतात, दोन नव्या बॅटऱ्या खाऊन झाल्या, म्हणून तिनं परस्पर गिऱ्हाईकही शोधलं.

"आई, रविवारी ते बघायला येतील. तू रस्त्यात अडकायची वाट बघायची का?"

आज गाडी काढून घेतली की उद्या पायऱ्या चढायलाही परवानगी लागेल, हे मला समजतं. मी म्हटलं, "शनिवारी मी चाकणला साठवणीचे कांदे आणायला जाते. गाडी टोइंगवर परत आली तर किल्ली तुझी. आपल्या चाकांवर आली तर विषय बंद."

ती लगेच हो म्हणाली. तिला निकालाची खात्री होती.

सोबत सुधा, माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी निगडीत एकत्र राहतो. तिनं पर्समध्ये अंगारा घेतला, मी व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय, तो मीटर तेव्हापासूनचा.

मोशीवरून चाकण जवळ पडतं, पण सकाळच्या शिफ्टच्या वेळी त्या रस्त्याला जाऊ नका. कंपन्यांच्या बसमागे बसून म्हातारपण येतं, आणि माझ्याकडे ते आधीच आहे. आम्ही देहूरोड, तळेगाव असा लांबचा रस्ता धरला. देहूरोडला लष्करी हद्दीत झाडांची सावली आहे आणि बाजारात इडली उत्तम मिळते. चटणी परत मागितली तर कुणी तोंड वाकडं करत नाही. खाऊन गाडी सुरू केली तर ती इतकी रडतखडत उठली की सुधाचा हात पर्सकडे गेला.

तळेगाव-चाकण रस्त्याबद्दल सभ्य शब्दांत लिहिणं अवघड आहे. ट्रेलर मध्येच उभे, दुचाक्या उलट्या दिशेनं आणि खड्ड्यांत खडी टाकून वर 'काम पूर्ण' असा समाधानाचा फलक. सर्व्हिस रस्त्यावरच्या खानावळीतलं पिठलं-भाकरी मात्र मनापासून आवडलं. ताटात ठेचा किती वाढायचा हे तिथली बाई तुमचा चेहरा बघून ठरवते. मला तिनं दुप्पट वाढला.

चाकणला बाजाराबाहेर एका शेतकऱ्याकडून गोणीभर कांदे घेतले. लालसर, घट्ट, पातीची मान पूर्ण वाळलेली. साठवायला घेताना मानच बघा, रंगावर भुलू नका. दोन हमालांनी गोणी डिकीत टाकली, मी किल्ली फिरवली आणि गाडीनं नुसतं 'टिक' केलं. पुन्हा टिक.

"मुग्धाला फोन करू का?" सुधा हळूच म्हणाली.

"करून बघ."

हमालांतला थोरला वाकून म्हणाला, "आज्जी, तुमी स्टेरिंग धरा, आमी ढकलतो. कांद्यापरीस हलकीच हाय गाडी."

त्यांनी आम्हाला ढकलत समोरच्या रशीदभाईंच्या दुकानात नेलं. रशीदभाई गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतात. मी किल्ली फिरवून दाखवली. आवाज ऐकता ऐकताच ते म्हणाले, "बॅटरी गेली, मॅडम. नवीन टाकून देतो."

"आधी मोजा."

"मोजायचं काय त्यात? आवाजावरून कळतं."

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर पायऱ्या न दाखवता काढलेल्या बरोबर उत्तराला शून्य द्यायच्या. ती सवय हाडात आहे. मी मीटर काढला. आताची तिसरी बॅटरी साडेबारा व्होल्ट, म्हणजे धडधाकट. सुधाला किल्लीवर बसवलं. जन्मात तिनं गाडीची किल्ली फिरवली नव्हती.

"वहिनी, मला शॉक बसेल."

"बसला तर सांग."

तिनं डोळे मिटून किल्ली फिरवली. गाडी कण्हली, तरी बॅटरीचा आकडा फारसा खाली उतरला नाही. मग व्होल्ट वाटेत कुठं गळत होते? मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला आणि सुधाला पुन्हा किल्ली फिरवायला सांगितलं. अर्थिंग, म्हणजे विजेची बॅटरीकडे परतायची वाट, चांगलं असेल तर इथं जवळपास शून्य दिसायला हवं. दोन व्होल्ट दिसले.

रशीदभाईंनी आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विडी कानामागे खोचली. "अर्थिंग. बॅटरीखालचा बोल्ट बघतो."

बॅटरी उचलल्यावर तो दिसला. बॉडीला अर्थिंगची तार जिथं कसतात, तिथं हिरवट पांढरा क्षार आणि त्यात पिवळा थर. त्यांनी तो बोटावर घेऊन वास घेतला.

"हळद आहे. दसऱ्याला बोनेट उघडून पूजा करता ना? नारळ आत फोडता?"

मी सुधाकडे वळले. ती कांद्याच्या गोणीकडे बघत होती.

"इंजिन म्हणजे गाडीचा देव," ती म्हणाली. "टायरपुढे काय फोडायचा? दरवर्षी तिथंच पाणी घालते."

"देवाला अंघोळ, बोल्टला गंज," रशीदभाई हसले. "दसऱ्यानंतर अशा चार-पाच येतात आमच्याकडे. तुमची उशिरा आली."

त्यांनी तारेचं टोक कानशीनं चमकवलं, बॉडीचा रंग खरवडला, बोल्ट नवा लावला. सुधानं किल्ली फिरवली, या वेळी डोळे उघडे ठेवून. गाडी एका झटक्यात उठली. मीटरवर दोन व्होल्टांच्या जागी नाममात्र आकडा राहिला. चार्जिंगही चौदापर्यंत चढलं. आधीच्या दोन बॅटऱ्या पुरतं चार्जिंग न मिळता उपाशी मेल्या होत्या, हे तेव्हा कळलं.

नवीन बॅटरीच्या मानानं खर्च किरकोळ झाला. वर दोघींचा चहा रशीदभाईंकडून फुकट.

परत मोशीवरून आलो. इंद्रायणीच्या पुलावर गर्दीत तीनदा इंजिन मुद्दाम बंद केलं, तीनदा सुरू केलं. मागचा दुचाकीवाला ओरडला, "आजी, खेळताय का?" हो, खेळत होते.

कांदे आता गॅलरीत पसरलेत, पायाला लागतात. मुग्धाचा विषय बंद झाला, ते तिनं मोठ्या मनानं मान्य केलं असं म्हणणार नाही. रविवारी तिचं गिऱ्हाईक आलंच. दार सुधानं उघडलं. या दसऱ्याला कुंकू बोनेटच्या बाहेरून लावायचं, असं आमचं ठरलंय. पण त्या माणसाला ती जे म्हणाली, ते आमच्यात कधीच ठरलं नव्हतं.

"गाडी विकायची नाही. मी सोमवारपासून चालवायला शिकतेय."